लुत्सिनाबाईंचे तीक्ष्ण कान

"आवाज आला की बटण दाबायचं, नाही आला की नाही दाबायचं," पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली. "एवढंच काम."

"आणि सतत येत असला तर?" लुत्सिनाबाईंनी विचारलं.

"सतत कसा येईल? थांबून थांबून येतो."

"तुझा येत असेल थांबून थांबून. माझा कुठं थांबतोय? नऊ वर्षं झाली, एक मिनिट थांबला नाही मेला. त्याच्यासाठीच तर आलेय मी इथं."

"तो नाही धरायचा. मशीनचा तेवढा धरायचा."

"आणि दोघंही 'टींऽऽ' करत असले तर? त्यातला सरकारी कुठला आणि माझा घरचा कुठला, ते कसं ओळखू?"

मुलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाहेर बाकावर अजून अकरा माणसं बसलेली होती. "आवाज आला की दाबा," ती पुन्हा म्हणाली. तिनं लुत्सिनाबाईंच्या डोक्यावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, खोलीचं जाड दार ओढून घेतलं आणि काचेपलीकडे बसून डब्यातला पाव खायला सुरुवात केली.

लुत्सिना व्झोसेक ही बाई सरळ होती. पाब्यानित्से गावच्या कापडगिरणीत साळखात्यात त्यांनी एकतीस वर्षं माग चालवले होते, आणि त्या एकतीस वर्षांत सांगितलेलं काम त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं होतं. आवाज आला की दाबायचं म्हणजे दाबायचं. पण दाबणार कसं? चौदा वर्षांच्या संधिवातानं हातांची बोटं पार वाकडी करून टाकलेली. सकाळच्या वेळी अंगठा तर लाकडासारखा ताठ. बाईंनी दोनदा प्रयत्न केला, कळ थेट कोपरापर्यंत गेली. मग त्यांनी ते बटण मांडीवर उताणं ठेवलं आणि तळहाताच्या टाचेनं, पोस्टातला कारकून शिक्के मारतो तसं, मारायला सुरुवात केली. टीं आला, मार. टीं आला, मार. बारा मिनिटं त्या मारत होत्या. काचेपलीकडच्या मुलीनं एकदाही मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर लुत्सिनाबाई घामाघूम झाल्या होत्या. "झालं का गं बरोबर?" त्यांनी विचारलं.

"कळवतील पत्रानं," मुलगी म्हणाली. "पुढचे कोण?"

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर अपंगत्वाच्या कार्डाची मुदत संपली होती म्हणून. ते कार्ड आजवर सांध्यांच्या नावावर मिळत आलेलं. कार्ड होतं म्हणून वूच शहरातल्या दवाखान्यात जायला बसचा पास होता, आणि कार्ड होतं म्हणून बुस्कोच्या गंधकाच्या पाण्याच्या आरोग्यधामात तीन आठवडे राहायला मिळणार होते. त्या तीन आठवड्यांसाठी बाईंनी एकोणीस महिने रांग धरली होती. नोव्हेंबरची तारीख लागलेली होती. बुस्कोहून आल्यावर पुढचे चार-पाच महिने स्वतःच्या हातानं केस विंचरता येत, बरणीचं झाकण उघडता येत असे. त्यामुळे कार्ड म्हणजे बाईंच्या लेखी निव्वळ कागद नव्हता, उघडलेली बरणी होती.

या खेपेस अर्ज भरताना तळमजल्यावरची मिर्का म्हणाली होती, "अगं, नुसते सांधे काय लिहितेस? कानातलं पण लिही. एकापेक्षा दोन आजार बरे दिसतात."

मिर्का ही बाईंची तीस वर्षांची मैत्रीण. बेकरीच्या दुकानात गल्ल्यावर बसून तिनं सगळ्या गावाची खबर ठेवलेली, आणि निवृत्त झाल्यावरही ते खातं तिनं बंद केलं नव्हतं. तिचं म्हणणं बाईंना पटलं, कारण कानाच्या बाबतीत त्यांचा जळफळाट जुनाच होता. सांध्यांचे डॉक्टर म्हणत, "कानाचं कानवाल्यांना विचारा." कानवाले म्हणत, "ही तुमच्या सांध्यांच्या गोळ्यांची देणगी असणार, त्या बंद करा." परत सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलं की ते चष्मा वर करून विचारत, "गोळ्या बंद केल्या तर हात जातील. बोला, हात हवेत की शांतता?"

"दोन्ही हवंय!" बाई एकदा कडाडल्या होत्या. "दोन्ही माझंच होतं ना?"

तर असं सगळं. पत्र दोन आठवड्यांनी आलं. बाईंना पाकीट फाडता येईना, म्हणून त्या ते घेऊन खाली मिर्काकडे गेल्या. मिर्कानं सुरीनं पाकीट कापलं, जिन्याच्या दारात उभं राहून चष्मा लावला आणि बेकरीतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'अर्जदाराची श्रवणशक्ती वयाच्या मानाने असाधारण तीक्ष्ण असून अत्यंत क्षीण ध्वनीही त्यांना दोन्ही कानांनी अचूक ऐकू येतात. सबब कानाविषयीची तक्रार ग्राह्य धरता येत नाही.'"

"काय?"

"ऐक पुढं. 'तपासणीदरम्यान अर्जदाराने बारा मिनिटांत बटण एकशे शहाण्णव वेळा दाबले. यावरून हाताची पकड व अंगठ्याची हालचाल उत्तम असल्याचे दिसते. सबब सांध्यांविषयीची तक्रारही ग्राह्य धरता येत नाही.'"

लुत्सिनाबाईंनी जिन्याचा कठडा धरला. धरला म्हणजे त्यावर मनगट टेकवलं, धरता कुठं येत होतं? "म्हणजे कानानं हात खाल्ले आणि हातानं कान खाल्ले?" त्या म्हणाल्या. "अगं, त्या बटणानं माझा हात तीन दिवस भोपळ्यासारखा सुजला होता!"

पण मिर्काचं तिकडे लक्षच नव्हतं. ती पत्रातली पहिली ओळ पुन्हा वाचत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत होता. "असाधारण तीक्ष्ण," ती पुटपुटली. "लुत्सिना, दोन्ही कानांनी? भिंतीपलीकडचं पण?"

"डोंबल माझं! मला दारावरची घंटा ऐकू येत नाही!"

"सरकारनं लिहून दिलंय बाई," मिर्का म्हणाली, पत्र बाईंच्या हातात ठेवलं आणि काहीतरी गॅसवर असल्याचं सांगून घाईघाईनं आत गेली. गॅसवर काही नव्हतं. गेल्या तीस वर्षांत लुत्सिनाबद्दल आपण भिंतीपलीकडे काय काय बोललो, त्याची उजळणी करायला ती गेली होती.

संध्याकाळपर्यंत बातमी चारही मजल्यांवर पोचली. भिंतींना कान असतात हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. आता त्या कानांचं नाव, वय आणि फ्लॅट नंबरही कळला.

पहिला आला वरच्या मजल्यावरचा गोंशोर. हा निवृत्त बस ड्रायव्हर, अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा. आज मात्र तो दारात पायपुसण्यावर शाळकरी पोरासारखा उभा होता, हातात कागदात गुंडाळलेली बाटली.

"लुत्सिनाबाई, ते बुडबुड्यांचं म्हणजे..." तो म्हणाला. "रोजचं नसतं हो ते. सणासुदीला जरा, आणि गुडघ्याला चोळायला."

"कसले बुडबुडे?"

"मनाच्या मोठ्या आहात तुम्ही," गोंशोर भारावून म्हणाला. "एवढी वर्षं सगळं ऐकलंत आणि कुठं बोलला नाहीत. ही घ्या. प्लमची आहे. दुसऱ्या खेपेची, साफ आहे अगदी."

बाटली दाराशी ठेवून तो गेलासुद्धा. वरच्या स्वयंपाकघरात हा माणूस दारू गाळतो हे लुत्सिनाबाईंना त्या क्षणी कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं केक घेऊन आलं. दोघांनी बाईंच्या तोंडाकडे न बघता सांगितलं की पलंग त्यांनी आता दुसऱ्या भिंतीला लावला आहे आणि त्याचे स्क्रूही आवळले आहेत. बाई काही विचारण्याआधीच दोघं कानशिलं लाल करून पळाले.

"अहो, मला काही ऐकू येत नाही!" लुत्सिनाबाई जिन्यात ओरडल्या. जिन्यात कुणी नव्हतं, पण चार दारांमागे चार माणसं श्वास रोखून उभी होती. आपण दारामागे उभे आहोत हेही हिला कळलं असेल का, असं त्यांच्या मनात आलं असावं.

आणि मग बाईंनी स्वतःच आगीत तेल ओतलं. त्याचं असं झालं, की समोरच्या बागेतल्या बाकावर मिर्का आणि शेजारच्या इमारतीतली एक बाई बोलत बसल्या होत्या. लुत्सिनाबाई खिडकीत झाडांना पाणी घालत होत्या. मधे चाळीस पावलांचं अंतर. आता साळखात्यात ज्यानं आयुष्य काढलं त्याला ओठ वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. शंभर माग धडधडत असताना तिथं दुसरं करणार काय? जेवायला काय आणलंस इथपासून तुझा नवरा कुणाबरोबर दिसला इथपर्यंत सगळं ओठांवरच चालायचं. बाईंना आपण ओठ वाचतोय हे वाचताना कळतही नसे.

मिर्काचे ओठ म्हणाले, "इतकी वर्षं बहिरी असल्याचं सोंग करून ऐकत होती हो सगळं. कसली आतल्या गाठीची!"

"आतल्या गाठीची कोण गं?" लुत्सिनाबाई खिडकीतून गरजल्या. "गाठी आहेत त्या बोटांना आहेत माझ्या!"

बाकावरच्या दोघी जागच्या जागी क्रॉस करून उठल्या. शेजारच्या इमारतीतली बाई जी गेली ती परत त्या बागेत दिसली नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर फादर मार्यान यांनी बाईंना बाजूला घेतलं. थंडीच्या दिवसांत लुत्सिनाबाई चर्चमध्ये उजवीकडच्या शेवटच्या बाकावर बसत, कारण त्या भिंतीला गरम पाण्याचा नळ होता आणि गुडघ्यांना शेक मिळे. त्या बाकाला लागूनच पापांची कबुली द्यायचं लाकडी खोपटं होतं.

"लुत्सिनाबाई," फादर अगदी मऊ आवाजात आणि तोंडापुढे हात धरून म्हणाले. बाईंना ओठ दिसेनात, त्यामुळे काही कळेना.

"मोठ्यानं बोला फादर, आणि तोंडावरचा हात काढा. सर्दी झालीय का?"

फादरांनी हात काढला. "डावीकडच्या पुढच्या बाकावर बसाल का तुम्ही? संत अँथनीपाशी?"

"तिथं नळ नाही."

"ते खरं. पण लोकांची तक्रार आहे. गेल्या आठवड्यात कबुलीला एकच माणूस आला हो. तोही परगावचा. पापं सांगायला लाजतात लोक."

"मग करायला लाजा म्हणावं!" लुत्सिनाबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की मेणबत्त्या विझवणारा माणूस दचकून शिडीवरून उतरला. "सांधे माझे, कान माझे, आणि लोकांच्या पापांपायी मी थंडीत कुडकुडायचं?"

फादरांनी समजुतीनं मान डोलावली. पण पुढच्या रविवारी त्या बाकावर फुलदाण्या मांडलेल्या होत्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी बाईंनी सोसलं असतं. खरी पंचाईत निराळीच झाली. इमारत गप्प झाली. गोंशोर टीव्हीवर फुटबॉल बघताना घर डोक्यावर घ्यायचा, तो आता आवाज पार बंद करून बघू लागला. कुणीतरी ड्रिल मशीन विकून टाकलं. जिन्यातून माणसं मोज्यांवर चालू लागली. आठ-आठ वर्षं ज्या गोंगाटावरून बाईंनी दारं बडवली होती, तो गोंगाट एका पत्रानं नाहीसा झाला आणि सगळ्या इमारतीत एकच आवाज शिल्लक राहिला. तो बाईंच्या कानात होता.

बाहेर कलकल होती तोवर त्यातच तो कुठंतरी मिसळून जायचा. आता त्याला मोकळं रान मिळालं. डाव्या कानातली बारीक शीळ कवटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली गेली. उजव्या कानात एक घरघर होती, ती दुपारच्या त्या मुर्दाड शांततेत नुसती छाताडावर बसायची. बाईंनी रेडिओ मोठ्यानं लावला. तेव्हा इमारतीनं अर्थ काढला की आपण अजून पुरेसे शांत नाही आणि बाई चिडल्या आहेत. मग वरच्या जोडप्यानं खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे बूट शिवले.

बाई खाली मिर्काकडे गेल्या. पूर्वी रोज चारला दोघींचा चहा असे. मिर्कानं चहा दिला, पण बोलेना. शेवटी तिनं एका चिठ्ठीवर लिहिलं, 'साखर?'

"मिर्का, तोंड आहे ना तुला? बोल की!"

"मी काय बोलणार बाई," मिर्का ओठ जेमतेम हलवत पुटपुटली. "तुला सगळं ऐकू येतंच."

"तुझा आवाज ऐकायला आलेय मी, टवळे! माझ्या डोक्यात शिट्टी वाजतेय सकाळपासून. काहीही बोल. कुणाची तरी निंदा कर. माझी कर, चालेल मला!"

पण मिर्का घाबरली होती. घाबरलेली मिर्का निंदा करीत नाही. लुत्सिनाबाई चहा अर्धा टाकून वर आल्या, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांना राग येण्याऐवजी रडू आलं. अर्थात ते फार वेळ टिकलं नाही. रुमालानं डोळे पुसायला गेल्या तर तो चिमटीत धरता येईना, आणि मग पुन्हा राग आला.

त्या रागाच्या भरात त्यांनी वरच्या समितीकडे अपील केलं. लेखणी दोन्ही मनगटांत धरून चार ओळी लिहिल्या: मला ऐकू कमी येते. हात चालत नाहीत. तुमचे यंत्र खोटारडे आहे. शेजाऱ्यांना विचारा.

ती शेवटची ओळ लिहायला नको होती. समितीनं खरोखरच विचारलं. एक फाईलवाली बाई येऊन चारही मजले फिरली, आणि इमारतीनं एकमुखानं लुत्सिनाबाईंची तरफदारी केली. म्हणजे इमारतीला ती तरफदारी वाटली. आपल्या कानांची सरकारदरबारी वाखाणणी झालेली बाईंना आवडेल, आणि बाई खूष असलेल्या बऱ्या, असा सगळ्यांचा हिशोब. गोंशोर छातीवर हात ठेवून म्हणाला, "दोन मजले वरचं पातेल्यातलं ऐकतात! असे कान देशात नसतील." मिर्कानं चाळीस पावलांचा किस्सा सांगितला आणि ऐंशी पावलं केली. जोडप्यानं काही न बोलता नुसती मान हलवली, पण दोघांचे चेहरे असे झाले की फाईलवालीनं तेही लिहून घेतलं.

वूचला अपिलाच्या दिवशी ऑक्टोबरचा शेवट आला होता. बुस्कोची तारीख दहा दिवसांवर. समितीत तिघं होते. अध्यक्ष डॉ. शाफ्रान्येत्स हे म्हातारे, जाड भुवयांचे, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन तरुण सदस्य. टेबलावर शेजाऱ्यांच्या जबान्यांची चळत.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या बाजूनं एकही साक्षीदार नाही, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"माझ्या बाजूनं माझे कान आहेत," लुत्सिनाबाई म्हणाल्या. "तेही गद्दार निघाले तर मी काय करू?"

डॉ. शाफ्रान्येत्स यांच्या भुवया किंचित हलल्या. "चला, आपण पुन्हा एकदा तपासू. मी स्वतः करतो."

पुन्हा तीच खोली, तेच हेडफोन, तेच बटण. या खेपेस अध्यक्ष बाईंच्या समोरच बसले आणि यंत्राशी खुडबुड करू लागले. काचेपलीकडे दोन सदस्य उभे. टीं आला. बाईंनी बटण मांडीवर ठेवलं आणि मारलं. टीं, मार. टीं, मार. बारीक, लांबट, कधी डावीकडून, कधी दोन्हीकडून. दोन मिनिटांनी अध्यक्षांनी हात वर केला.

"सव्वीस वेळा," ते म्हणाले. "बाई, मी यंत्र चालूच केलं नव्हतं."

लुत्सिनाबाईंनी बटण मांडीवरून बाजूला सारलं. संपलं. आता खोटारडेपणाचा शिक्का, आणि बुस्को गेलं ते गेलंच. तोंड उघडून त्या काही बोलणार, एवढ्यात त्यांची नजर काचेकडे गेली. डावीकडच्या सदस्याचे ओठ हलत होते.

"नामंजूर करून टाकू," ओठ म्हणत होते. "शेजाऱ्यांच्या जबान्या आहेतच. मंजूर केलं तर खालच्या समितीचं हसं होईल. नसती कटकट."

"हसं होईल?" लुत्सिनाबाई हेडफोनसकट उठून उभ्या राहिल्या. "त्यांचं हसं होऊ नये म्हणून मी हात वाकडे घेऊन मरायचं का रे? एकतीस वर्षं माग चालवले मी! तू घातलायस तो शर्ट कुणीतरी असेच कान फोडून विणला असेल!"

काचेपलीकडचा सदस्य पांढराफटक पडला. दार उघडून तो आत धावला. "बघा सर, बघा! आवाजबंद काचेतून ऐकलं! ही बाई..."

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. ते उठले, बाईंच्या डोक्यावरचे हेडफोन त्यांनी अलगद उतरवले आणि चार पावलं जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तसेच उभे राहिले. लुत्सिनाबाईंनी वाट पाहिली. सदस्य एकदा अध्यक्षांच्या पाठीकडे, एकदा बाईंकडे बघत होता. बराच वेळ गेला.

"अहो डॉक्टर," शेवटी बाई म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड करून काय उभे आहात? म्हातारी बाई समोर उभी आहे, तिला पाठ दाखवायची ही काय रीत झाली? नामंजूर करायचं तर तोंडावर सांगा."

डॉ. शाफ्रान्येत्स वळले. त्यांच्या भुवया पार कपाळात गेल्या होत्या आणि ते हसू दाबत होते. "मी तुम्हाला तीनदा नाव विचारलं बाई," ते सावकाश म्हणाले. "तिसऱ्यांदा तर चांगलं ओरडून."

मग अध्यक्षांनी बाईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तळव्याच्या टाचेवर उमटलेला लाल वण पाहिला, वाकलेली बोटं एकेक करून पाहिली. "आणि हे असं मारून एकशे शहाण्णव वेळा दाबलंत?"

"आवाज आला की दाबायचं म्हणाली ती."

"बरोबर आहे," म्हातारा डॉक्टर म्हणाला. "सांगितलेलं काम."

दोन्ही आजार मंजूर झाले. कायमचे. बाईंचा मात्र समारोपाचा शब्द राहिलाच होता. "कायमचे म्हणजे?" त्यांनी ठसक्यात विचारलं. "बरे होणार नाहीत असं सरळ सांगा की."

"होणार नाहीत," डॉक्टरांनी सांगितलं.

"मग ठीक आहे," लुत्सिनाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत एका डॉक्टरनं त्यांना पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं होतं.

इमारतीत कुणाचा विश्वास बसला नाही. मिर्कानं नवं पत्र वाचलं, डोळा मारला आणि म्हणाली, "कमाल आहे बाई तुझी. त्यांनाही गुंडाळलंस." गोंशोरनं अभिनंदनाची दुसरी बाटली आणली. बाईंनी समजावणं सोडून दिलं, सुटकेस मिर्काकडून बांधून घेतली आणि नोव्हेंबरच्या चौथ्या तारखेला त्या बुस्कोच्या गाडीत बसल्या.

आरोग्यधामाच्या जेवणघरात त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. टेबलावर आधीच दोघं होते. एक सिलेशियाच्या कोळसाखाणीतला निवृत्त मुकादम, नाव हुबर्ट, मधुमेहानं पाय धरलेले. आणि दुसऱ्या भूगोलाच्या मास्तरीणबाई, सांधे लुत्सिनाबाईंसारखेच. पहिल्याच दुपारी सूप यायच्या आत कळलं की कानात दोघांच्याही वाजतं.

"माझ्यात रातकिडे आहेत," मुकादम अभिमानानं सांगत होता. "शेतभर. हिवाळ्यातसुद्धा. आणि साखर वाढली की जोर करतात."

"रातकिडे परवडले," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझ्या कानात कुणीतरी रेडिओचं स्टेशन शोधतंय. बारा वर्षं झाली, सापडत नाही त्याला."

"शोधू दे. सापडलं तर बातम्या ऐकाव्या लागतील."

दोघं खदखदून हसले. भोवती दोनशे माणसांच्या चमच्यांचा खणखणाट चालला होता, ताटं आदळत होती, वाढणाऱ्या बाया एकमेकींना हाका मारत होत्या, कोपऱ्यात कुणीतरी कुणाच्या तरी नावाच्या संताच्या दिवसाचं, वाढदिवसासारखं, गाणं सुरू केलं होतं.

मुकादमानं पावाचा तुकडा मोडला आणि लुत्सिनाबाईंकडे वळून अगदी सहज विचारलं, "आणि तुमचा हो, बाई? तुमचा कसा वाजतो?"

लुत्सिनाबाई चमच्यासकट थांबल्या. केव्हापासून, किती वेळ, कुठल्या गोळ्या, हे सगळं त्यांना शंभरदा विचारून झालं होतं. कसा वाजतो हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, फादरांनी नाही, मिर्कानंही नाही. एवढ्या आस्थेनं कुणी विचारतंय तर उत्तरही नीट, तपशीलवार द्यायला हवं. त्यांनी चमचा खाली ठेवला, डोळे मिटले आणि डावा कान टवकारला.

काही नाही.

उजवा टवकारला. चमचे, ताटं, गाणं. बाकी काही नाही.

"थांबा हं," त्या म्हणाल्या.

दोघं थांबले. सूप आलं. वाफा निघू लागल्या. लुत्सिनाबाईंनी मान या बाजूला कलती केली, त्या बाजूला केली. त्यांच्या गालांवर हळूहळू संतापाची लाली चढू लागली.

"आत्ता होता!" त्या म्हणाल्या. "गाडीतून उतरेपर्यंत होता! नऊ वर्षं एक मिनिट हलला नाही मेला, आणि आज चारचौघांत विचारलं तर..."

"असेल हो, असेल," मास्तरीणबाई समजुतीनं म्हणाल्या. "सूप घ्या, निवेल."

"असेल म्हणजे? खोटं बोलतेय का मी?" लुत्सिनाबाई कडाडल्या, आणि वाकड्या बोटांनी पर्सची चेन ओढत म्हणाल्या, "थांबा, माझ्याकडे कागद आहे!"